राखेने घासलेला डबा

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात पहिल्या पानावर आली की मला घरात बसवत नाही. दरवर्षी तेच. आदल्या दिवसापर्यंत मी बरी असते. कॉलेजात जाते, प्रॅक्टिकलच्या वह्या तपासते, येताना मटार घेते. मग एका सकाळी नळाखाली हात धरावा तर बोटं बधिर होतात, समोरच्या सोसायटीचा वॉचमन पालापाचोळा पेटवून बसलेला असतो, तो धूर जिन्यातून वर येतो, आणि संपलं. वह्या तशाच राहतात. मी खिडकीत जाऊन खाली बघत उभी राहते. खाली पार्किंगच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली माझी गाडी असते.

गाडी म्हणजे जुनी मिनीबस. पूर्वी ती शाळेची मुलं न्यायची-आणायची. पिवळा रंग खरवडून मी तिला पांढरी केली, तरी दाराच्या सांध्यात अजून पिवळं डोकावतं. आतली बाकं काढून टाकली, ओळखीच्या सुताराकडून दोन पलंग करून घेतले, त्यांच्याखाली सामानाचे कप्पे, एका बाजूला शेगडी, पाण्याची टाकी, आणि खिडक्यांना आईच्या जुन्या साड्यांचे पडदे. आम्ही तिघं, म्हणजे आई, नाना आणि मी, त्यांची बेचाळीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी, सुट्टी मिळाली की तिच्यातून बाहेर पडतो आणि बाहेर गेल्यावर तिच्यातच राहतो. सोसायटीने सुरुवातीला भरपूर करमणूक करून घेतली. खालच्या मजल्यावरचे काका रोज विचारायचे, "मॅडम, वडापाव कधीपासून सुरू?" एकदा मी त्यांना दोन प्लेटची ऑर्डर लिहून घेऊ का म्हटलं, तेव्हापासून गप्प आहेत.

यंदा मात्र माझ्याआधी आई अस्वस्थ झाली. परवा भाजी निवडता निवडता तिने मान वर न करता विचारलं, "मने, गाडीत डिझेल आहे का गं?" आणि मला तो चार वर्षांपूर्वीचा हिवाळा सगळाच्या सगळा आठवला. तेव्हा हीच बाई म्हणायची, चांगलं पक्कं घर असताना रानात जाऊन झोपायचं म्हणजे काय डोहाळे लागलेत का तुला.

तो हिवाळा आठवतो तो मुळी जागरणातूनच आठवतो. नाना एसटीचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं आणि दीड वर्षात ते घरात नीट झोपलेले आम्ही पाहिले नव्हते. दहाला आडवे व्हायचे, पण पहाटे मी पाणी प्यायला उठले की खुर्चीत. खिडकीशी, बाहेर तोंड करून, अंगावर शाल. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं, दूध-हळद झाली. "नाना, पडा ना जरा." "पडलोय की," असं खुर्चीतून सांगायचे. दिवसा डुलकी लागायची तीही बसल्या बसल्या, आणि कुठे भांडं वाजलं की दचकून पाय खाली दाबायचे, ब्रेकवर दाबावा तसा. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हृदयावर ताण येईल. त्या वाक्याने मी घाबरले. आई घाबरली नाही, चिडली.

तिच्या चिडीला जुनं कारण होतं. नानांच्या नोकरीतली शेवटची अकरा वर्षं मुक्कामी गाडीवर गेली. ही गाडी संध्याकाळी नाशिकहून सुटायची, पेठ रस्त्याने घाट चढून करंजाळीच्या पुढे आत वळायची आणि मोहपाडा नावाच्या शेवटच्या वस्तीला जाऊन थांबायची. रस्ताच तिथे संपायचा. ड्रायव्हर-कंडक्टरने रात्र तिथेच काढायची आणि पहाटे तीच गाडी परत घेऊन निघायचं. एकाआड एक रात्र नाना तिथे असत. एवढं एक वेळ आईने चालवून घेतलं असतं, नोकरीच ती. पण बाकीचे ड्रायव्हर मुक्काम टाळायला बघत आणि नाना तो मागून घेत, हे तिला बाहेरून कळलं. त्यांनी स्वतः सांगितलं नाही.

आणि डबा. मुक्कामाच्या दिवशी आई तीन पुडांचा स्टीलचा डबा भरून द्यायची. पोळ्या, भाजी, वर चटणी-लोणचं. लग्नातला डबा. प्रत्येक पुडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं: सौ. शकुंतला. दुसऱ्या दिवशी डबा परत यायचा तो लख्ख घासलेला, आणि कधीच रिकामा नाही. कधी मूठभर नागली, म्हणजे नाचणी, कधी करवंदं, कधी उकडलेल्या शेंगा. आई डबा नाकाशी न्यायची. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले असेन, ओट्याशी उभी राहून बघायचे. आमच्याकडे भांड्यांना साबण होता. हा डबा राखेने घासलेला असायचा. राखेचा एक वेगळाच उजळपणा असतो, आणि कडेला पुडाच्या घडीत कुठेतरी करडी रेघ राहते. आई ती रेघ बोटाने पुसायची.

पुरुष माणूस राखेने डबा घासत नाही, एवढं मलाही कळत होतं.

एके दिवशी ती वांग्याच्या भाजीत मीठ घालायला विसरली. डबा गेला, रात्री आम्ही दोघी जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी नाना आले, पाणी प्यायले आणि नेहमीसारखं म्हणाले, "भाजी छान झाली होती." बस. त्या दिवसापासून आईला पक्कं ठाऊक झालं की तिचा डबा नाना खात नाहीत. मग कोण खातं, नाना कुणाच्या हातचं खातात, डबा कोण घासतं, हे तीन प्रश्न आमच्या घरात किती वर्षं जेवायला बसायचे. तिने विचारलं नाही. ती तशी नव्हे. ती भांडी आपटायची. निवृत्तीनंतर नाना जागे राहू लागले तेव्हा तिने त्याचा सरळ अर्थ लावला. एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "ह्यांची झोप तिकडे राहिलीये. इथे पाहुणे म्हणून आलेत."

मी ती गाडी घेतली ती माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून, हे खरंच; पण मनात असंही होतं की माणूस जन्मभर गाडीत झोपला, तर गाडीत झोपेल. कॉलेजला नाताळची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो.

पहिला मुक्काम घोटीच्या पुढे, वैतरणेच्या पाण्याकाठी. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसती धसकटं, आणि खळ्यावरून ओल्या पेंढ्याचा गोडसर वास. स्टिअरिंग नानांकडेच. मी मालक, ते ड्रायव्हर, मला चालवायला मागितलं की म्हणायचे, "तू बस, रस्ता बघ." जागा निवडायची ती मी, पण गाडी लावायची ती त्यांनी, आणि लावायची ती नेहमी तोंड रस्त्याकडे करून. पाण्याकडे पाठ. मी म्हटलं, "नाना, पलंगावरून पाणी दिसावं म्हणून तर आलो." "सकाळी निघताना मागे-पुढे करत बसायचं का मग?" निघायचं नव्हतंच सकाळी. दोन दिवस राहायचं होतं. तरी मागच्या चाकाला दगड लावला, चारी टायरांना लाथ मारून बघितली, पेपरने काच पुसली. आईने शेगडीवर पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या. पाण्यावरून येणारा वारा असा की घास तोंडात जाईपर्यंत गार. दोघं एकमेकांशी नीट बोलत होते, म्हणजे मीठ दे, पाणी दे इतकं. सकाळी बघते तर नाना ड्रायव्हरच्या सीटवर, शाल घेऊन, रस्त्याकडे बघत.

मग इगतपुरीजवळच्या एका तंबूंच्या पार्कात गेलो. नंबर घातलेले तंबू, सगळे एका रांगेत, मध्ये कापलेलं गवत, झाडांना दिव्यांच्या माळा, आणि गाण्यांचा एवढा मोठा आवाज की डोंगर कुठे आहे ते विसरायला व्हावं. मुंबईहून आलेली पोरं शेकोटीत लाकडावर रॉकेल ओतत होती. नाना उठले, "सरका" म्हणाले आणि वाऱ्याची बाजू बघून नीट रचून पेटवून दिली. त्या पोरांनी त्यांना टाळ्या वाजवून काका-काका केलं, त्यांच्याबरोबर फोटो काढले. मला फार आनंद झाला. वाटलं, रमले. आई घडीच्या खुर्चीत पाय जवळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "लोकांत कसे खुलतात बघ." तिच्या बोलण्यातला तो 'लोकांत' मला टोचला.

तिसरं ठिकाण नांदूरमध्यमेश्वर, पक्ष्यांचं. सकाळी धुक्यात पाण्यावर नुसता कलकलाट, काही दिसत नाही. मग सूर्य वर आला आणि हजारभर बदकं एकदम उठली. कुठून कुठून आलेली. शेजारी उभा असलेला गाईड सांगत होता, हे पाहुणे पक्षी, थंडीपुरते येतात, उन्हाळा लागला की आपल्या मुलखात परत. नाना दुर्बिणीतून बघत होते. आईने दुर्बीण घेतलीच नाही. ती माझ्याकडे वळली आणि नानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढं फिरवते आहेस, तर मला जिथे डबा जायचा तिथे ने."

नानांनी दुर्बीण खाली घेतली नाही. काही वेळाने म्हणाले, "तिथं काय आहे आता? रस्ता खराब."

"खराब रस्त्याची भीती तुम्हाला कधीपासून?"

"मुक्कामी गाडी बंद होऊन वर्ष झालं. जीपगाड्या झाल्या. ओळखीचं कोणी नसंल."

"मला ओळखीचं कोणी भेटायला नकोच आहे," आई म्हणाली. "मला जागा बघायचीये."

इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न आई आता नानांना नाही, त्या गावालाच विचारायला निघाली होती. मला उत्तर नको होतं. नानांचं वजन, त्यांचं हृदय, आईचा स्वभाव, सगळं डोळ्यांपुढे येऊन मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीत जाऊन नकाशा काढला.

हे लिहिताना मधेच उठून मी खिडकीत जाऊन आले. खाली नाना ताडपत्री काढतायत. खालच्या मजल्यावरच्या काकांना मदतीला लावलंय. मला आता इथे बसून लिहायला हवंय की खाली जायला हवंय, कळत नाही. या ऋतूत माझं हे असं होतं. कुठेही असले तरी दुसरीकडे काहीतरी सुटून चाललंय असं वाटत राहतं. लहानपणी नानांच्या गाडीची वेळ झाली की घरात जी धांदल उडायची, डबा, पाण्याची बाटली, बिल्ला, तीच माझ्या हाडांत बसली असणार. आमच्या घरी कुणीतरी नेहमी निघायच्या बेतात असे. निघालेल्या माणसाला मागे टाकून उरलेलं घर किती शांत होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी मागे राहत नाही.

तर मोहपाडा. पेठ रस्त्याला घाट सुरू झाला. प्रत्येक वळणाआधी नानांचा हात हॉर्नवर जायचा. दोन लांब, एक आखूड. "अशी सवय," ते म्हणाले. करंजाळीत आम्ही भाजी घेतली. आत वळल्यावर दोन्हीकडे पिवळं वाळकं गवत, उतारावर नागलीची रिकामी वावरं, आणि मधूनच एखादं कौलारू घर. उन्हं कलताना पोचलो. एक आंब्याचं झाड, त्याभोवती दगडी पार, शाळा, हातपंप. नानांनी काही न विचारता गाडी आंब्याखाली घेतली, मागे-पुढे केली आणि तोंड रस्त्याकडे करून उभी केली. चाकांना तिथे दोन खोलगट जागा होत्या. चाकं बरोब्बर त्यांत बसली.

कुणी आलं नाही. पंपावर पाणी भरणाऱ्या दोन पोरी बघून गेल्या. बहुतेक घरांना कुलपं. माणसं द्राक्षबागांच्या मजुरीला, विटांना, कामाला बाहेर. नाना पारावर बसून राहिले. कुणाच्या दारी गेले नाहीत, कुणाची चौकशी केली नाही. आई त्यांच्याकडे बघत होती. ते कुठल्या घराकडे बघतात ते बघत होती. ते वर, टेकडीच्या उताराकडे बघत होते. "तिकडे कोण राहतं?" आईने विचारलंच. "तिकडं? वरचा पाडा आहे," नाना म्हणाले. जेवणं झाली. थंडी अशी पडली की पलंगावर दोन गोधड्या घेऊनही नाकाचा शेंडा गार. मी कूस बदलत राहिले. आईही जागी होती, तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

मला जाग आली ती हॉर्नने.

दोन लांब, एक आखूड. आमच्याच गाडीचा. मी धडपडत उठले. बाहेर अंधूक, सव्वापाच झालेले, काचेवर दव. नाना ड्रायव्हरच्या सीटवर, इंजिन चालू, हात हॉर्नवर. "नाना! काय करताय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम ओशाळले. "अगं... वेळ झाली," ते म्हणाले. "हात गेला."

मी हसणार होते. पण समोर, टेकडीच्या उतारावर, एक बॅटरी पेटली. मग दुसरी. तिसरी. उजेडाचे ठिपके एकामागून एक खाली येऊ लागले. नानांनी इंजिन बंद केलं नाही. "वरच्या पाड्याची माणसं," ते म्हणाले. "हॉर्न ऐकला की निघतात. पंधरा मिनिटं लागतात उतरायला." आणि मग हळूच, "अरे देवा."

गाडी पुन्हा सुरू झाली, असं त्यांना वाटलं होतं. टोपलीत लाल भोपळे घेतलेली एक बाई, कापडी पिशवी धरलेले दोघं म्हातारे, आणि तापाने फणफणलेल्या नातवाला खांद्यावर घेतलेली एक आजी. जीप नऊशिवाय येत नाही, तीही भरली तर निघते. त्यातला एक म्हातारा गाडीभोवती फिरून आला, खिडकीतले साडीचे पडदे बघून म्हणाला, "नवी गाडी का रे? पडदे लावले सरकारनं?" डोंगरातली माणसं सगळ्यांना अरे-तुरे करतात, त्यात आपलेपणाच असतो. नाना खाली उतरून कान धरायचे बाकी होते. "चुकलं बाबा माझं. गाडी नाही सुरू झाली. ही माझ्या पोरीची गाडी."

सगळ्यांच्या मागून एक बाई आली. साठीच्या पुढची, काटक, डोक्यावरून पदर. तिच्या हातात पिशवी नव्हती. तिने पदराखाली काहीतरी धरलं होतं. ती नानांना काही बोलली नाही; नुसती मान हलवली, काल भेटल्यासारखी. मग गाडीच्या दारात उभ्या असलेल्या आईपुढे येऊन थांबली.

"शकुंतला तूच का?"

आईचा हात दारावर घट्ट झाला. "हो."

"मी भागी. हॉर्न आईकला, म्हनलं हा त्याचाच. म्हनलं आता तरी देऊन टाकू." पदराखालून तिने काढलं ते आमच्या डब्याचं वरचं पूड. झाकणासकट. निवृत्तीच्या आधी नाना म्हणाले होते, गाडीत विसरला, हरवला. तेव्हापासून आमच्या घरी दोनच पुडं. ठिपक्यांचं नाव पहाटेच्या उजेडातही वाचता येत होतं. "नातीनं वाचून दावलं तुझं नाव. गाडी बंद झाली, मंग कुनाबरोबर धाडू? आन रिकामा कसा धाडू? दर साली नवी नागली आली का जुनी काढायची, नवी भरून ठेवायची."

आईने डबा घेतला. कडेवरून बोट फिरवलं. करडी रेघ.

मग आईने विचारलं. इतक्या वर्षांचं, एका दमात. "ह्यांना जेवायला तुम्ही घालायच्या?"

"पाळी व्हती की. आज आमचे घरी, परवा दुसरे घरी, सगळ्या पाड्याची पाळी. नागलीची भाकर, उडदाचं भुजं. पन डबा रोज आमचेकडं." भागीबाई पाराच्या कडेवर टेकली. "माझी सासू. डोळ्यानं दिसं ना, तोंडात दात नाय. भाकर तिला तुटायची नाय. यानं एकदा तुझी पोळी कुस्करून दिली तिला, दुधात. मंग काय, तिला तीच लागं. तुझं खाऊन सात वर्सं काढली म्हातारीनं."

आई नानांकडे बघायला लागली. नाना पेपरने काच पुसत होते. पुसलेलीच काच.

"सांगायचं तर खरं," आई म्हणाली.

"तू माझ्यासाठी करत होतीस," नाना काचेकडे बघत म्हणाले. "ते मी खात नाही, असं कसं सांगू? आणि सांगितलं असतं तर तू दोन डबे दिले असतेस. एक भरतानाच तुझी दुपार जायची."

आई भलतंच बोलली. "एकदा मीठ विसरले होते मी."

भागीबाई हसली. "वांग्याची भाजी! म्हातारीनं पैल्या घासाला वळखलं. म्हनली, पोरीचं मन थाऱ्यावर नाय आज. मंग याला म्हनली, उद्या घरी जाशील तवा इचार तिला, काय झालं."

मला ते आठवत होतं. त्या दिवशी नाना भाजी छान झाली म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "तुला बरं नाही का?" असंही म्हणाले होते. आई म्हणाली होती, "मला काय धाड भरलीये?" मुक्काम नाना मागून घेतात हे तिला त्याच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. तिच्या मनातलं वादळ घरातल्या कुणालाही कळलं नव्हतं, मलासुद्धा नाही. घाट ओलांडून पलीकडे, शेवटच्या वस्तीतल्या एका आंधळ्या म्हातारीला कळलं होतं, एका घासात. आई पारावर भागीबाईजवळ बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. भागीबाईने तिची पाठ थोपटली नाही की काही नाही. नुसती शेजारी बसून राहिली.

जराशाने तीच म्हणाली, "आता तरी झोपतो का हा घरी?"

"आता तरी म्हणजे?"

"हितं कवा झोपलाच नाय. रातच्याला कदी खाली आलं तर हा सीटवर बसलेला. झोप लागली तर हॉर्न कोन दील, म्हनायचा, पाड्याची गाडी चुकंल. दुसरा कुनी आला ड्रायव्हर तर थांबायचा नाय, म्हनायचा, म्हनून त्योच यायचा. आमी म्हनू, असू दे. बायको हाय, पोरगी हाय, घरी झोपत असंल पोटभर."

आई सावकाश म्हणाली, "मला वाटायचं, इथे झोपतात."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही. अकरा वर्षं एका माणसाची झोप दोन गावांनी एकमेकांवर ढकलली होती.

नानांनी हातातला पेपर घडी करून डॅशबोर्डवर ठेवला. "पोराला ताप आहे," ते त्या आजीकडे बघून म्हणाले. "बसा सगळे. करंजाळीपर्यंत सोडतो." आणि मग किल्ली माझ्यापुढे धरली. "मनू, तू चालव. मी दार बघतो."

ते कधी, कुणाला, गाडी देत नव्हते. मी बसले. माणसं पलंगांवर ओळीत बसली, भोपळे शेगडीशेजारी. नाना दारात उभे राहून उताराकडे बघत होते, आणखी एखादी बॅटरी येते का. नाही आली. "चला," ते म्हणाले आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. भागीबाई पाराशी उभी होती. आईने खिडकीतून तिला सांगितलं, "डबा भरून पाठवते." कुणाबरोबर, हे दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

करंजाळीत सगळे उतरले. पोराच्या आजीला दवाखाना दाखवून नाना आत आले. "जरा पाठ टेकतो," असं म्हणाले, मागच्या पलंगावर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले. घाट उतरताना मी आरशात बघितलं. तोंड उघडं, हात लोंबत, घोरत होते. गाडी दुसऱ्याच्या हातात, हॉर्न दुसऱ्याच्या हातात, आणि मागे कुणी राहिलेलं नाही. मी दर खड्ड्याला श्वास रोखत होते.

नाशकात शिरलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. द्वारकेच्या चौकात रिक्षांचे हॉर्न, ट्रकचे हॉर्न. नाना हलले नाहीत. पुणे रस्त्याने उपनगर आलं, आमचं वळण दिसलं, मी हात इंडिकेटरवर नेला. आई माझ्या शेजारी बसली होती, नागलीचा डबा मांडीवर घेऊन. तिने माझा हात धरला.

"वळू नकोस."

"अगं, घर आलं."

"थांबलीस की उठतील." तिने मागे वळून बघितलं. "जाऊ दे पुढे."

मग आमचं वळण मागे गेलं. नाशिकरोड गेलं, वस्ती विरळ झाली, शेतांत कांद्याच्या लागणीला बाया वाकलेल्या दिसू लागल्या. मला कुठे जायचंय ते माहीत नव्हतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याची घाई नव्हती. सिन्नरच्या अलीकडे मोहदरीच्या घाटात मी गिअर बदलला तेव्हा नानांनी झोपेत कूस बदलली. मांडीवरच्या डब्याचं झाकण जरा सैल होतं. वाजू नये म्हणून आईने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.